अंधारात होतंच की सगळं!

खिद्रापूरचा फोटो आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, मधल्या त्या गोल शिळेजवळ उभं राहून वर बघत काढलेला. ज्यांनी देऊळ पाहिलंय त्यांना सांगायला नको. छताच्या मधोमध गोल मोकळं आकाश, त्याभोवती कोरीव खांबांचं कडं आणि खांबांच्या मागे सावली, इतकी दाट की बाहेरून आत आल्यावर डोळे सरावायलाच वेळ लागतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर या फोटोत एक निळा गोल दिसत होता आणि बाकी सगळं काळं. कुणीही पुसून टाकला असता. भाच्यानं तो लॅपटॉपवर उघडला, 'शॅडो' लिहिलेली पट्टी माऊसनं धरली आणि उजवीकडे ओढली.

आणि काय सांगू! त्या काळ्यातून खांब पुढे आले. आधी नुसत्या कडा, मग खांबांवरच्या गोल कंगोऱ्यांच्या ओळी, मग तुळयांची नक्षी, मग दगडावर पावसाळ्यांनी उमटवलेले हिरवट ओघळ. आकाश जागच्या जागी, निळंच. मी खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले.

"कुठनं आणलंस रे हे?"

"आणलं नाही गं मावशी. फाईलमध्ये होतंच. तुझा कॅमेरा या वेळी रॉवर ठेवला होता ना मी."

होतंच! तेव्हापासून मी भेटेल त्याला रॉ, रॉ करत सुटले आहे. भिशीतल्या बायकांना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगायचा प्रयत्न केला. आता तुमची पाळी.

तर आधी आत काय घडतं ते, कारण मला त्याचंच सगळ्यात जास्त नवल वाटलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळतच नाहीत! त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला आपल्यावर उजेड किती पडला एवढंच मोजता येतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर एकेक इवलीशी रंगीत काच बसवलेली असते. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव हिश्शावर लाल, पाव हिश्शावर निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आज आपल्या पर्समधल्या मोबाईलपर्यंत बहुतेक सगळीकडे तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. हिरव्याला दुप्पट जागा, कारण माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारकावे हिरव्यापाशीच जास्त कळतात. मग ज्या ठिपक्यानं फक्त लाल मोजला त्याचा हिरवा आणि निळा कुठून येतो? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, हिशेबानं! म्हणजे रंगीत फोटोतली रंगाची दोन तृतीयांश माहिती मोजलेली नसतेच, गणितानं भरलेली असते. मला हे कळल्यावर मी घरातले सगळे फोटो संशयानं बघत होते.

कॅमेरा जेपेगवर असतो तेव्हा हे सगळं गणित तो स्वतःच उरकतो. रंग ठरवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, कडांना धार लावतो, फाईल आवळून छोटी करतो आणि मूळ मोजमापं टाकून देतो. टाकून देतो! रॉवर ठेवला की ती मोजमापं तशीच कार्डावर उतरतात आणि निर्णय आपल्याकडे येतात. आकडे ऐका. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. खिद्रापूरच्या त्या काळोखाला जेपेगच्या हिशेबात मोजक्याच पायऱ्या आल्या असत्या आणि त्या ताणल्या असत्या तर खांबांऐवजी चट्टेपट्टे दिसले असते. रॉमध्ये तिथं कितीतरी जास्त पायऱ्या दबा धरून बसल्या होत्या.

जेपेगला नावं ठेवतेय असं समजू नका हं. त्याच्या पोटात डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाचं जे गणित आहे ते नासिर अहमद यांनी मांडलं. बंगळूरमध्ये जन्मलेले, अमेरिकेत प्राध्यापक झालेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ मध्ये छापून आला आणि १९९२ मध्ये जेपेगचं प्रमाण ठरलं ते या गणितावर. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, डोळ्याला ज्याचा पत्ता लागत नाही तो तपशील गाळायचा. जगभरातले वाढदिवस, बारशी आणि शुभ सकाळचे गुलाब यावर इकडून तिकडे जातात. तिघांची नावं बघा, आणि शाळेच्या पुस्तकात मला तरी ती कधी भेटली नव्हती! तर जेपेग फोटो पाठवायला उत्तम आहे. फोटो घडवायला मात्र रॉ हवा, एवढंच माझं म्हणणं.

आता तुम्ही काय करायचं? मेनूत जायचं, 'इमेज क्वालिटी' शोधायची. तिथं रॉ असेल, आणि 'रॉ प्लस जेपेग' असेल. सुरुवातीला दोन्ही ठेवा. जेपेग लगेच कुणाला पाठवायला उपयोगी पडतो आणि शिवाय एक गुरू म्हणून शेजारी राहतो, कॅमेऱ्यानं काय केलं असतं ते दिसत राहतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाईल साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दोन हजारांच्या आसपास फोटो. भरपूर आहेत. लग्न उरकतं त्यात. मोबाईलवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, बऱ्याच फोनांच्या 'प्रो' मोडमध्ये रॉची सोय असते, फाईलच्या नावापुढे डीएनजी लिहिलेलं दिसेल. मात्र फोनची गंमत वेगळी आहे. एक बटण दाबलं की तो चोरून अनेक फोटो काढतो आणि एकमेकांत मिसळून एक देतो. आकाशही छान, चेहराही छान, सगळंच छान! कधी कधी ते इतकं छान असतं की संध्याकाळ झाली होती हेच फोटोतून कळत नाही.

रॉ हातात आल्यावर भाच्यानं मला पहिली शिस्त लावली ती हिस्टोग्रामची. तो डोंगरासारखा आलेख, जो बहुतेक लोक बटण दाबून घालवून टाकतात. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर उजव्या भिंतीवर जाऊन आदळला म्हणजे तिथला उजेड मोजण्यापलीकडे गेला, आणि गेला तो गेला. काळोखातून खांब निघतात, जळालेल्या पांढऱ्यातून काहीही निघत नाही. म्हणून देवळात आकाश सांभाळायचं. खिद्रापूरला भाच्यानं नेमकं तेच केलं होतं. आयएसओ शंभरवर, एक्सपोजर आकाशाला बेतून, आणि नंतर घरी सावल्या तीन स्टॉप वर. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, तीन म्हणजे आठपट!

पण याला एक उलट बाजू आहे आणि ती मला फार म्हणजे फारच आवडली. सेन्सर उजेड सरळ मोजतो, त्यामुळे त्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, ८,१९२, सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखाली २,०४८, असं करत करत अंधाराच्या वाट्याला चिल्लर उरते. म्हणून आकाशाची भानगड नसेल, ढगाळ दिवस असेल, तर फोटो जरा उजळच काढायचा. डोंगर उजवीकडे ढकलायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही, आणि घरी येऊन हवा तेवढा खाली आणायचा. सावल्या स्वच्छ येतात, अंधारात उठणारे रवाळ दाणे कमी. पडद्यावर फोटो फिका दिसतो, शेजारी उभा असलेला माणूस "जास्त लाइट झाला बघा" म्हणून सांगतो. त्याला म्हणू द्या.

आणि म्हैस! म्हशीशिवाय कोल्हापूरच्या माणसाचा लेख कसा पुरा व्हायचा? कॅमेऱ्याचा मीटर एक अडाणी गोष्ट धरून चालतो, की समोर जे काही आहे ते सरासरीनं मधल्या राखाडी रंगाचं असणार. काळी म्हैस चौकटभर उभी केली की तो घाबरून उजेड वाढवतो आणि म्हैस राखाडी होते. बेंदराला सजवलेला पांढराशुभ्र खिलार बैल उभा केला की तो उजेड कमी करतो आणि बैलही राखाडी! मीटरच्या लेखी दोघं एकाच रंगाची. उपाय एका बटणाचा आहे, अधिक-उणे लिहिलेलं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकायला उलटं वाटतं, पण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन पाहा. उणे एकवर ठेवलं की म्हशीची काळी कांती, तिच्यावरची दिव्याची चमक, ग्लासात पडणाऱ्या धारेचा फेस, सगळं आपापल्या रंगात येतं. फेस जळला नाही ना, तेवढं हिस्टोग्रामवर बघायचं.

गुलालाचं प्रकरण त्याहून अवघड, आणि इथं रॉनं मला जिंकलं. चैत्री यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा हवेत गुलाल, माणसांवर गुलाल, पायऱ्यांवर गुलाल. तिथले जेपेग बघितले की माणसाच्या पाठीवर एक सपाट गुलाबी डाग दिसतो, सदऱ्याच्या घड्या नाहीत, काही नाही. कारण गुलाबीत लाल रंगाचा भरणा इतका की लाल एकटाच भिंतीवर जाऊन आदळतो, हिरवा आणि निळा मात्र निवांत मधे असतात. साधा पांढरा हिस्टोग्राम तिघांची मिसळ दाखवतो म्हणून "सगळं ठीक" म्हणतो. तिन्ही रंगांचे वेगळे डोंगर दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा, तिथं लाल पकडला जातो. मग अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवून काढायचं आणि रॉमध्ये गुलाबीची तीव्रता हळूहळू उतरवायची. घड्या परत येतात! पाठीवर हाताचे ठसे उमटलेले असतात तेही दिसतात. आणि हो, डोंगरावर लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, फक्त लेन्सचं तोंड बाहेर. घरी आल्यावर आधी कोरड्या ब्रशनं झाडायचं. ओला कपडा आधी लावलात तर गुलाल फटीत जाऊन बसतो आणि पुढच्या चैत्रापर्यंत निघत नाही.

व्हाइट बॅलन्सवरही, म्हणजे उजेडाचा पिवळेपणा-निळेपणा सावरण्यावरही, असंच बोलत राहीन, पण आवरते. रॉमध्ये तो नंतर ठरवता येतो, फोटोला काडीचीही इजा न होता, हेच मुळात चमत्कारिक आहे. दुपारचं ऊन साधारण ५,५०० केल्विन, जुना पिवळा बल्ब ३,०००च्या आत, सावलीतला उजेड ७,०००च्या पुढे. हळदीच्या समारंभात कॅमेऱ्याचं ऑटो बिचकतं. एवढं पिवळं बघून त्याला वाटतं दिव्यातच खोट आहे, मग तो पिवळं कापतो आणि नवरी निळसर पडते. रॉ असेल तर एका पट्टीत हळद परत लावता येते. माझं एक मत मात्र पक्कं आहे. समईच्या उजेडातला फोटो पांढरा करत बसू नये. समई पिवळीच असते. थोडा पिवळेपणा उतरवावा, पण समईची ट्यूबलाइट केलेली बघवत नाही.

आता एडिटिंगचं हत्यार कोणतं? भाचा व्यवसायानं लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडे दरमहा पैसे भरून घेतलेलं लाइटरूम आहे. मला दरमहा पैसे भरायचे नव्हते, म्हणून त्यानं डार्कटेबल लावून दिलं. फुकट! चोरून आणलेलं नव्हे, रीतसर फुकट, जगभरातल्या हौशी प्रोग्रॅमरांनी २००९पासून मिळून घडवलेलं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालणारं. रॉथेरपी नावाचं दुसरंही तसंच आहे, तेही उत्तम. आणि एका फोटोत दुसरं काही जोडायचं, खोडायचं, अक्षरं टाकायची असतील तर गिंप, जे १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतलं. दोन विद्यार्थ्यांनी! डार्कटेबलची खिडकी पहिल्यांदा उघडली की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्याचा भास होतो हे खरं, पण घाबरू नका, शंभरातली आठ-दहा बटणं लागतात.

सगळ्यात भारी काय, तर मूळ फाईलला धक्काच लागत नाही. आपण जे जे करतो त्याची नुसती यादी एका चिमुकल्या फाईलमध्ये शेजारी लिहून ठेवली जाते. एक्सपोजर इतकं, क्रॉप असा, सावल्या इतक्या वर. मन बदललं, यादी पुसली, फोटो पुन्हा काल काढल्यासारखा. पाच वर्षांपूर्वीच्या रॉवर आजच्या नव्या सॉफ्टवेअरनं नव्यानं बसता येतं, आणि दाणे काढण्याचं काम तर इतकं सुधारलंय की जुना अंधारातला फोटो आज जास्त स्वच्छ निघतो. हा विचार करून मला अजून भरून येतं.

माझी बसण्याची रीत सांगते. आधी फोटो सरळ करायचा. क्षितिज तिरकं आणि देवळाचे खांब पडायला आलेले असतील तर पुढचं काही बघायची इच्छाच होत नाही. लेन्सचा बाक काढायला तयार सोय असते, ती खूण करून टाकायची. मग एकूण उजेड, मग व्हाइट बॅलन्स, मग उजळ भाग खाली आणि सावल्या वर. सावल्या वर नेताना हात आवरायचा, कारण अंधार सगळाच्या सगळा घालवला तर देऊळ मंगल कार्यालयासारखं दिसायला लागतं. त्यानंतर खरी मजा, मास्क! फोटोच्या एका भागापुरता बदल. खांबावरच्या मूर्तीभोवती एक लंबगोल काढायचा, कडा अगदी मऊ ठेवायची, आत पाव स्टॉप उजेड. कुणाला कळणारसुद्धा नाही, पण नजर बरोबर तिकडे जाईल. रंगाला सगळ्यात शेवटी हात लावायचा आणि धार लावायचं काम फोटो कुठे जाणार हे ठरल्यावर. मग लॅपटॉप मिटायचा, झोपायचं, सकाळी उघडून सगळ्या पट्ट्या थोड्या थोड्या मागे आणायच्या. सकाळी नेहमी मागेच आणाव्या लागतात, पुढे न्यावी लागलेली एकही पट्टी मला आठवत नाही.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे फोटो खोटाच झाला की!" माझ्या बालपणीच्या स्टुडिओत डेस्कपाशी बसून काचेतून बघत, टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे देवीचे व्रण बुजवणारे रिटचर असत. काळ्यापांढऱ्या फोटोला हातानं रंग भरून साडी लाल, ओठ लाल करून देत. डार्करूममध्ये कागदावर उजेड पडत असताना मधे हात धरून एक कोपरा उजळ ठेवायचा, दुसरा जास्त वेळ भाजायचा, हे तर रोजचंच. आजच्या मास्कचा बाप तोच. 'अनशार्प मास्क' हे धार लावण्याचं तंत्रही डार्करूममधलंच, मूळ निगेटिव्हवर तिचीच एक धूसर उलटी प्रत ठेवून छापायचं. धूसर प्रत ठेवली की चित्र अधिक धारदार! आणि हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव, इथं चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. यंत्रानं दिलं ते मुकाट घ्यायची सवय या गावाला कधीच नव्हती.

तरी रेघ आहेच, आणि ती कुठे आहे यावर भाच्याशी माझी भांडणं होतात. नॅशनल जिओग्राफिकनं फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, का तर आडवा फोटो उभ्या पानावर बसावा! दगड हलले की माझ्या मते फोटो संपला. बातमीच्या जगात तर रॉ फाईल हा पुरावा झालाय. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचलेल्यांकडून मूळ फाईल मागतात, आणि २०१५ मध्ये उपांत्य फेरीतले तब्बल २० टक्के फोटो बाद झाले होते. माझी रेघ सोपी आहे. उजेड हलवा, रंग सांभाळून हलवा, वस्तू हलवू नका. कासच्या पठारावर जांभळ्याचं निऑन करणारे, दुपारच्या किल्ल्यावर दुसरीकडचा सूर्यास्त चिकटवणारे, दगडाची धार वाढवत वाढवत त्याचा भाजका पापड करणारे, यांना माझा नमस्कार. लांबूनच.

आणि गोरं करणं! यावर माझं डोकंच फिरतं. "नवरी जरा उजळ करा" म्हणून लग्नघरं सांगतात, आणि बिचारा भाचा पट्टी ओढतो. कितीतरी मोबाईलमध्ये ब्युटी मोड आधीपासूनच चालू असतो, न विचारता. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी नमुना कार्डं देई त्यांवर कित्येक वर्षं गोरी बाईच असे. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळ्या माणसांनी आपापलं बघून घ्यावं. आज हातात रॉ आहे, एवढ्या पायऱ्या आहेत, सावळ्या गालावरचा उजेड कसा उतरत जातो ते जसंच्या तसं येतं, आणि आपण ते पुसून मैद्याचा रंग देणार? माझ्या बहिणीचा फोटो मी तसाच्या तसा, गव्हाळ, तेल लावल्यावर चमकणाऱ्या कपाळासकट छापला. तिला आवडला. जावेला नाही आवडला.

रॉनं काय होत नाही तेही सांगून टाकते, नाहीतर शिव्या मला पडतील. हललेला फोटो स्पष्ट होत नाही. फोकस कानावर गेला असेल तर डोळ्यावर येत नाही. रटाळ फोटो रटाळच राहतो, फक्त जास्त पायऱ्यांनी. आणि जागा खातो. दोन वेगवेगळ्या डिस्कांवर प्रत ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरात. डिस्क मरायची वेळ आधी सांगत नाही.

आता फोटो बाहेर काढायचा. पडद्यासाठी एसआरजीबी रंगपद्धत निवडायची, दुसरी मोठी निवडली तर लोकांच्या फोनवर रंग मेलेले दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर इतक्या कष्टानं वर काढलेले खांब वाटेत पुन्हा चेचले जातात. पण खरं सुख छापण्यात! लॅबचा नेहमीचा बारा बाय अठरा इंचांचा कागद घ्या, ३०० डीपीआयनं त्याला ३,६०० बाय ५,४०० ठिपके लागतात, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या थोडं वर. २४चा कॅमेरा पुरून उरतो. सूचना दोनच. लॅपटॉपचा उजेड कमी करून एडिट करा, कारण झगझगीत पडद्यावर जमवलेला फोटो कागदावर काळवंडतो, आणि रात्रीचा तो पिवळा 'नाइट लाइट' बंद आहे ना ते बघा. लॅबमध्ये काउंटरवर स्पष्ट सांगा, "करेक्शन करू नका." नाहीतर तिथला मुलगा सवयीनं चेहरे उजळतो, आणि म्हशीसुद्धा.

गंगावेशीतल्या त्या म्हशीचा बारा बाय अठराचा कागद मी तिच्या मालकाला नेऊन दिला. दादांनी हात धोतराला पुसले, कागद दिव्याखाली धरला, लांब धरला, जवळ धरला.

"वैनी, ही खरी काळी आली बघा. आमच्या पोरानं मोबाईलवर काढलीती, राखंत लोळल्यागत दिसत हुती."

मी लगेच सुरू झाले, मीटर, मधला राखाडी, उणे एक. दादा मान डोलवत होते, पण नजर कागदावर, शिंगांपाशी.

"ते समदं खरं," ते म्हणाले. "पण पाडव्याला हिला नटवून बाहेर काढायची हाय. फोटूत तेवढी शिंगं वाईच लांब करून मिळतील काय?"